शिरगणतीचा शेवटचा दिवस

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. तेव्हा सोलापुरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. ऐन परीक्षांच्या तोंडावर, ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, शहराच्या पूर्व भागातला एक गट माझ्याकडे आला. गट म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबे, सहाशेच्या आसपास माणसे. शाळा सांभाळून दारोदार फिरायचे आणि एकेका कुटुंबाचा फॉर्म भरायचा. या कामाचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारीचा सोमवार, मला सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत स्वच्छ आठवतो. त्या दिवशी भेटलेल्यांपैकी कोणीच मला ओळखत नव्हते आणि बहुतेकांशी पुन्हा गाठही पडली नाही. पण अनोळखी माणसाकडे कसे पाहावे हे मला त्या दिवसाने शिकवले, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार प्रगणकाला मिळालेली माहिती गोपनीय असते, ती न्यायालयातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे पुढे कोणाचे नाव, गल्ली, घरनंबर येणार नाही. ओळख पटेल असे जे होते ते मी गाळले आहे किंवा बदलले आहे. इतक्या वर्षांनंतरही तो शब्द पाळायला हवा.

पूर्व भाग म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि निजामाच्या मुलखातून, करीमनगर, वरंगल, नलगोंड्याकडून, तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबे इथे येत राहिली. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. ही कुटुंबे मात्र हातमागावरून यंत्रमागावर गेली, चादरी आणि टॉवेल विणत राहिली आणि सोलापुरी चादर देशभर पोचली. पुरुष मागावर आणि बाया घरी विड्या वळणाऱ्या, असे इथल्या कितीतरी घरांचे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. गल्लीत शिरले की मागांची खटखट कानावर येते. माणसे आपसांत तेलुगू बोलतात, पलीकडच्या गल्लीत कन्नड, त्यापुढे दखनी उर्दू, आणि तुम्ही दारात उभे राहिलात की सगळे मराठीत येतात.

शेवटच्या दिवशी आम्हाला दोन कामे होती. दिवसा, आधीच्या फेऱ्यांत कुलूप दिसलेली घरे पुन्हा तपासायची. रात्री बेघरांची मोजणी. देशाची लोकसंख्या १ मार्च २०११ ला ००.०० वाजता जेवढी असेल तेवढी धरायची असे ठरलेले होते, म्हणून ज्यांना घर नाही त्यांची गणना आदल्या रात्री सगळ्या देशात एकाच वेळी व्हायची. देशभर सुमारे २७ लाख कर्मचारी या कामावर होते. प्रश्न २९, प्रत्येक माणसामागे. फॉर्म यंत्र वाचणार असल्यामुळे त्याची घडी घालायची नाही, त्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, अंक चौकटीतच लिहायचा, अशा सूचना होत्या.

सकाळी माझ्या हातात बंद घरांची यादी होती आणि सगळ्यात मोठी अडचण नंबरांची होती. आदल्या वर्षी घरयादीच्या वेळी भिंतीवर लिहिलेले नंबर दिवाळीच्या रंगकामात पुसले गेले होते. जुने म्युनिसिपालटीचे नंबर वेगळे, लाइट बिलावरचे वेगळे. एका बोळाच्या तोंडाशी मी नकाशा उलटसुलट करत उभा होतो. एक पोस्टमन सायकलवरून उतरले, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "दाखवा सर, काय सापडत नाही ते."

वय पन्नाशीपुढचे असावे. यादीवरून त्यांनी सावकाश बोट फिरवले. हे कुटुंब आता इथे नाही, कुंभारीला गेले. ही बाई सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या द्यायला जाते, साडेअकराला परतते, तेव्हा गाठा. हा मागावर असतो, घरी सापडायचा नाही, कारखान्यातच जा. हे तिरुपतीला गेलेत, उद्या-परवा येतील, म्हणजे तुमच्या १ ते ५ मार्चच्या फेरीत मिळतील. ती फेरी असते हेही त्यांना माहीत होते, कारण मागच्या जनगणनेतही त्यांनी कोणाला तरी अशीच घरे दाखवली होती. कोणाला मनिऑर्डर येते, कोणाचे पेन्शन अडले आहे, कोणाकडे कोर्टाची नोटीस आली, हे सगळे त्यांच्या पोतडीतून गेलेले असणार. त्यातले एक अक्षर ते बोलले नाहीत. माणूस कुठे आणि किती वाजता भेटेल एवढेच सांगितले. त्या दिवशी गोपनीयतेचा धडा मला सूचना पुस्तिकेपेक्षा या गृहस्थांकडून अधिक नीट मिळाला.

कुंभारीचे सांगायला हवे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तिथल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या आणि पूर्व भागातल्या दाटीतून कितीतरी कुटुंबे तिकडे राहायला गेली. माझ्या यादीतली काही कुलपे त्याचीच होती. पोस्टमन हे सांगताना म्हणाले, "चांगलं झालं बघा. पत्रं घेऊन मी यायचो तर आत बसायला जागा नसायची, दारातूनच द्यायचो." पत्र द्यायला येणाऱ्याला आत बोलवता येत नाही याचे त्या घरांना वाटणारे अवघडलेपण त्यांनी इतकी वर्षे लक्षात ठेवले होते.

कारखान्यात गेलो. सोलापुरात कारखाना म्हणजे बऱ्याचदा घराच्या खालच्या मजल्यावर मांडलेले आठ-दहा माग. आवाज असा की कानाला तोंड लावल्याशिवाय ऐकू येत नाही. मला हवा असलेला तरुण टॉवेलच्या मागावर होता. विणलेल्या मालावर मजुरी, माग थांबला की तेवढे पैसे गेले. मी ओळखपत्र दाखवले, तो घोटाळला. तेवढ्यात शेजारच्या मागावरचा थोराड माणूस काही न विचारता मधे येऊन उभा राहिला. एका हाताकडे स्वतःचा माग, दुसऱ्या हाताकडे याचा. डोक्याने खूण केली, जा बाहेर, बोलून घे.

बाहेर ओट्यावर फॉर्म भरताना त्या तरुणाने बायकोचे नाव सांगितले. ती बाळंतपणासाठी जानेवारीपासून माहेरी, करीमनगर जिल्ह्यात. नियमाप्रमाणे संपूर्ण गणनाकाळात जो घरी नाही त्याला तिथे मोजायचे नाही, तो जिथे आहे तिथेच मोजला जातो. मी तसे सांगितले. तो लगेच विचारात पडला. "मग तिकडे लिहिलं असेल का तिला? नाहीतर कुठंच नाही की हो ती." मी काय सांगणार? त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सासऱ्यांना फोन लावला. तेलुगूत मोठ्याने विचारपूस झाली. तिला लिहिले होते. त्याचा चेहरा खुलला. पण फोन ठेवल्यावर तो पुन्हा थबकला. चारच दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, आणि तिकडचे प्रगणक त्याआधीच येऊन गेले होते.

१ मार्चच्या आधी जन्मलेले प्रत्येक मूल या मोजणीत यायला हवे, त्यासाठीच पुढच्या पाच दिवसांची फेरी असते. ते येतील तेव्हा आठवणीने सांगायचे, हे मी त्याला समजावले. पुन्हा फोन. या वेळी सासऱ्यांना, सासूबाईंना आणि बहुधा बायकोलाही, तेच तेच तीनदा सांगितले असावे. पिशवीत फॉर्म घालून मी निघालो तेव्हा तो आत जाऊन त्या थोराड माणसाच्या कानाशी ही बातमी सांगत होता. ज्या मुलीचे अजून बारसे झाले नव्हते तिची देशाच्या मोजणीत नोंद व्हावी म्हणून बापाने मजुरीचा वेळ खर्च केला. नागरिकत्वावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. त्या ओट्यावर जे पाहिले त्याच्या तोडीचे उदाहरण मला अजून मिळालेले नाही.

दुपारी विड्या वळणाऱ्या घरांकडे वळलो. मला तेलुगू येत नाही. तरुण बाया मराठी चांगली बोलतात, पण काही घरांत फक्त सासवा होत्या आणि त्यांच्याशी माझे गाडे अडायचे. एका दारात मी खुणांनी बोलतोय हे पाहून समोरच्या घरातून एक मुलगी आली. सकाळच्या सत्राची शाळा सुटून आलेली, नववीतली, वेणीला अजून शाळेची रिबीन. "सर, मी सांगू का त्यांना?" तिने एकदा सांगायला सुरुवात केली ती पुढच्या सगळ्या घरांत माझ्याबरोबर आली. तिच्या आईने दारातूनच ओरडून परवानगी दिली, वर मला पाणी दिले. मी पाणी पीत असतानाच आईच्या लक्षात आले की फॉर्म जमिनीवर ठेवावा लागणार. तिने पाट आणला, पदराने कोरडा पुसला आणि त्यावर जुनी चादर दुमडून घातली. पुढच्या घरातही तेच. तंबाखूची धूळ कागदाला लागू नये म्हणून बाया सूप बाजूला सरकवायच्या, हात झटकायच्या, मगच समोर बसायच्या. सरकारी कागदाची इतकी काळजी मी कोणत्याही कार्यालयात पाहिली नाही.

तिथे एक प्रश्न हमखास अडायचा. मागच्या वर्षभरात काही काम केले का? उत्तर यायचे, "नाही सर, घरीच असते." आणि हे सांगताना बोटे चाललेली असायची. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. सकाळी ब्रँचला मोजून द्यायचे, खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत, नवे पान आणि तंबाखू घेऊन परत. स्वयंपाक, पाणी, मुले हे सगळे सांभाळून रोज शेकड्यांनी विड्या वळणारी बाई स्वतःला घरीच असते असे म्हणते, कारण घरातले, शेजारचे, सगळे तसेच म्हणतात.

सूचना पुस्तिकेत यावर ठळक लिहिले होते. स्त्रियांच्या कामाबद्दल खोदून विचारा, न विचारता 'घरकाम' लिहू नका. मी विचारत होतोच, पण त्या दिवशी माझ्याआधी ती नववीतली मुलगी विचारू लागली. दुसऱ्या-तिसऱ्या घरापासून तिने माझ्याकडे न बघता एका मावशीला तेलुगूत काहीतरी झाडलेच. मावशी हसली. मुलगी मला म्हणाली, "सर, लिहा. मी त्यांना म्हटलं, विड्या कोण वळतं मग? मामा वळतात का?" मी 'घरगुती उद्योग' या रकान्यात नोंद केली. मावशी वाकून ती नोंद बघत राहिली. तिला वाचता येत नव्हते, तरी आपल्याबद्दल काय लिहिले हे तिने मुलीकडून दोनदा विचारून घेतले.

मला याची चीड आहे आणि ती लपवायची गरज वाटत नाही. देशात किती बाया काम करतात हा आकडा आपल्याकडे नेहमी कमी दिसतो. त्याचे एक कारण असे दारात घडते. बाई नाही म्हणते, विचारणाऱ्याला पुढच्या घराची घाई असते, रकान्यात घरकाम पडते, आणि तिचे आयुष्यभराचे श्रम कागदावरून निघून जातात. मग त्या आकड्यावर योजना आखल्या जातात.

त्या गल्लीतले शेवटचे घर. लग्न झालेल्या स्त्रीला दोन प्रश्न असतात, हयात मुले किती आणि आजवर जन्मलेली मुले किती. परक्या पुरुषाने हे विचारणे अवघड असते. मी दर वेळी खाली फॉर्मकडे पाहून विचारत असे. ही बाई पन्नाशीची होती, मराठी चांगले बोलायची. हयात तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. जन्मलेली? ती तीन म्हणाली, मी लिहायला पेन टेकवले, आणि ती म्हणाली, "थांबा सर. चार होते." मी त्या शाळकरी मुलीला म्हटले, "बाळ, जरा आईला विचार, पलीकडच्या गल्लीतली माणसं आता घरी असतील का." ती समजदार होती, लगेच गेली.

थोरली मुलगी तापाने गेली होती, अडीच वर्षांची. नंतरच्या कोणत्याच कागदावर ती आली नाही. रेशन कार्डावर नाही, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर नाही. "हे सरकार विचारतं होय?" तिला नवल वाटले. विचारते, मी म्हटले, आकडा विचारते. मुलीच्या नावाला फॉर्मवर जागा नव्हती. तिने ते मला सांगितले, मी ऐकून घेतले आणि चौकटीत ४ लिहिले. तिने सुपात हात घातला आणि पुन्हा कामाला लागली. मी निघताना म्हणाली, "पुढच्या टायमाला बी तुम्हीच या."

यानंतर चहा प्यावासा वाटला. चौकातल्या हॉटेलात टीव्हीवर प्रणव मुखर्जींच्या त्या दिवशीच्या अर्थसंकल्पाची चर्चा चालली होती, विश्वचषकाची मधूनमधून. माझ्या यादीतले एक गृहस्थ दुपारी तिथेच बसतात असे पोस्टमननी सांगितले होते. ते तिथे होते. कपड्याच्या दुकानातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. टेबल पुसून त्यांनी स्वतःच जागा केली. मातृभाषा तेलुगू. याशिवाय कोणत्या भाषा येतात? मराठी, कन्नड, उर्दू. दुकान गुजराती शेटजींचे, म्हणून गुजरातीही. फॉर्मवर जागा दोनच भाषांना.

हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मराठी लिहा, यात शंकाच नाही, ते म्हणाले, शाळा मराठीत झाली. दुसऱ्या जागेसाठी त्यांना वेळ लागला. शेवटी म्हणाले, "कन्नड लिहा." आई ते लहान असतानाच गेली होती आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या बाईंनी त्यांना आपल्या मुलांबरोबर वाढवले. धंद्यात गुजराती आणि दोस्तांत उर्दू याचा उपयोग जास्त झाला, पण लिहायची वेळ आली तर ती कन्नडच. दोन टेबलांपलीकडचा एक माणूस हे ऐकत होता. तो म्हणाला, "काका, त्या बाईंना मी बघितलंय लहानपणी, त्यांच्या हातची हुग्गी खाल्लीय." तिथून त्या दोघांचे जे सुरू झाले त्यात मी आणि अर्थसंकल्प दोघेही मागे पडलो. एकाच चौकात वर्षानुवर्षे चहा पिणाऱ्या त्या दोघांना हा धागा तोवर माहीत नव्हता.

संध्याकाळी आणखी एक भेट. ओट्यावर बसलेल्या एका आज्जींचे वय कोणालाच ठाऊक नव्हते, मुलगा साठ सांगत होता, सून नव्वद. अशा वेळी जुन्या घटनांचा आधार घ्यायचा असतो. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, गांधीजींची हत्या. आज्जींनी माझी यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मार्शल लॉ लागला तवा मी आईच्या पोटात होते." सोलापूरला मार्शल लॉ लागला तो मे १९३० मध्ये. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी धरपकड होत होती ते दिवस. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. आज्जींच्या आईने सांगितलेले त्यांच्या तोंडून आले, दारे लावून आत बसलेल्या बायांचे, गल्लीत बुटांचा आवाज आला की लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवण्याचे. वयाच्या चौकटीत मी ८० लिहिले. जो इतिहास मी मुलांना पुस्तकातून सांगत आलो होतो तो एका बाईच्या जन्माचा दाखला म्हणून कामाला आला.

जेवून रात्री पुन्हा जमलो. पर्यवेक्षक, आम्ही काही प्रगणक आणि एक पोलीस शिपाई. माझ्या वाट्याला रेल्वे स्टेशनजवळचा भाग होता. फूटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओवरीत, फलाटावर राहणारे ते बेघर, अशी व्याख्या. गाडीची वाट पाहणारे त्यात धरायचे नाहीत. आता अंधारात झोपलेल्या माणसांत राहणारा कोण आणि प्रवासी कोण, हे कसे ओळखायचे?

ते एका हमालाने सोडवले. ड्यूटी संपवून तो निघाला होता, आमची पिशवी आणि कागद पाहून थांबला. "पोलिसाला मागं ऱ्हाऊ द्या," त्याने हळूच सांगितले, "मी उठवतो." तो प्रत्येकाजवळ उकिडवा बसायचा, खांद्याला हात लावायचा, कोणाला मामा, कोणाला अण्णा म्हणून हाक मारायचा. पोलिसाच्या काठीला जी माणसे दचकून पळाली असती ती याच्या हाकेला उठून बसली. चहाच्या टपरीवाल्याने वायर लांबवून बल्ब बाहेर आणला आणि त्या उजेडात मी लिहू लागलो. टपरी बंद करायची वेळ टळून गेली तरी तो थांबला होता.

एक वयस्क जोडपे होते, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. म्हाताऱ्याने आधी विचारले, "याच्यानं रेशन कार्ड मिळंल का?" मी खरे सांगितले, नाही. "मग घर?" तेही नाही. तुम्ही किती जण असे राहता एवढे सरकारला कळेल, आणि तुमचे नाव कोणाला सांगितले जाणार नाही. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं. लिवा मग." सगळे प्रश्न पूर्ण केले. बायकोची माहिती त्याने दिली नाही, तिला हलकेच उठवले. "तिचं ती सांगंल." ती उठली, पदर सारखा केला, आणि वय, जन्मगाव, शिक्षण नाही, काम भंगार गोळा करणे, एकेक उत्तर तिने स्वतः दिले. मला बसायला त्यांनी आपले पोते सरकवून दिले होते. दिवसभरात माझ्यासाठी मांडलेल्या गोष्टींत ते पोतेही आले आणि पाटावरची चादरही आली, दोन्हींमागे मन सारखेच होते.

काही न मिळता त्यांनी सगळे सांगितले. या गोष्टीचा मी अनेकदा विचार केला आहे. पोस्टमन, तो थोराड विणकर, नववीतली मुलगी, हमाल, टपरीवाला, यांच्यापैकी कोणालाही माझ्या कामातून काही मिळणार नव्हते. आपण जनगणना म्हणजे सरकारचे काम समजतो. प्रत्यक्षात ते अनोळखी माणसाला दारात उभे राहू देणाऱ्यांच्या भरवशावर चालते. कायद्यात माहिती न देणाऱ्याला दंडाची तरतूद आहे, पण त्या कलमाच्या धाकाने त्या बाईने मला चौथ्या मुलाचा आकडा सांगितला नव्हता.

३१ मार्चला तात्पुरते आकडे जाहीर झाले, देशाची लोकसंख्या १२१ कोटी. पुढे शहराचाही आकडा आला, सोलापूर ९ लाख ५१ हजारांच्या वर. देशातले बेघर सुमारे १७ लाख ७३ हजार. तो शेवटचा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तो मोठ्याने वाचून दाखवला होता.

२०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली आणि आता ती २०२७ ची म्हणून होते आहे. या वेळी कागदाऐवजी मोबाइल असेल, जातीचीही नोंद असेल, आणि संदर्भाचा दिवस पुन्हा १ मार्च. मी आता निवृत्त झालो आहे, माझ्या जागी कोणी तरुण शिक्षिका किंवा शिक्षक तुमच्या दारात येईल. त्यांच्या शाळेतही तेव्हा परीक्षाच असतील. सोसायटीच्या गेटवर त्यांना ताटकळत ठेवू नका. वॉचमनकडून 'नंतर या' असा निरोप पाठवू नका. ओळखपत्र जरूर पाहा, मग बसायला द्या, पाणी द्या, आणि विचारतील ते खरे सांगा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना, इमारतीच्या रखवालदाराला, समोर पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबाला कोणी मोजले का, हेही विचारा. आणि घरातल्या बाईच्या कामाचा प्रश्न आला की उत्तर तिच्या नवऱ्याने देऊ नये, तिला स्वतः देऊ द्यावे.